पदविकेचे विद्यार्थी आणि मराठीचे कैवारी

मराठीच्या चर्चासत्रांत एक वाक्य हमखास ऐकू येते. मराठी विभागांची पटसंख्या घटली, एम.ए.चे वर्ग ओस पडले. कारण काय, तर 'सगळी मुले इंजिनिअरिंगकडे पळाली'. गेल्या वर्षी विदर्भातल्या एका महाविद्यालयात हे वाक्य मी पुन्हा एकदा ऐकले. वक्ते जाणते होते, त्यांचा व्यासंग वादातीत होता. ओघात ते पुढे म्हणाले की, खेड्यापाड्यांतल्या मुलांना तर आता पदवीचीही गरज वाटत नाही. दहावी झाली की ती 'डिप्लोमा-बिप्लोमा' करून मोकळी होतात. सभागृह हसले. सवयीने मीही हसलो. नंतर चहाच्या वेळी लक्षात आले की, त्यातला 'बिप्लोमा' मी केलेला आहे.

हशाचे मला फारसे वाईट वाटले नाही. प्राध्यापकांच्या खोलीत वीस वर्षे बसल्यावर माणूस अशा गोष्टींना निर्ढावतो. खटकले ते 'पळाली' हे क्रियापद. पळून जाण्यासाठी आधी कुणीतरी आपल्याला धरून ठेवलेले असावे लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ही मुले सोळाव्या वर्षी ज्या दारातून आत गेली, त्या दाराशी मराठीचा एकही माणूस उभा नव्हता. आजही नाही. तो का नाही, हा प्रश्न मराठीच्या कैवाऱ्यांनी स्वतःला कधी विचारलेला दिसत नाही, म्हणून तो इथे विचारायचा आहे.

साहित्याच्या वाचकांपैकी अनेकांना पदविका म्हणजे नेमके काय हे ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात, म्हणजे पॉलिटेक्निकमध्ये, तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. स्थापत्य, यंत्र, विद्युत, अणुविद्युत, संगणक अशा त्याच्या शाखा. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची; काही संस्था स्वायत्त आहेत, त्या आपल्या आपण परीक्षा घेतात. उत्तीर्ण झालेल्याला कनिष्ठ अभियंत्याची नोकरी मिळू शकते, किंवा पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्याच्या घरी बारावीची शिकवणी आणि प्रवेश परीक्षा परवडत नाहीत, त्याला अभियंता होण्याची ही मागल्या अंगणातली वाट. अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासूनचे आहे, नागपूरचे त्याहून जुने, १९१४ चे. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले, तशी पुढे तंत्रनिकेतनेही गल्लोगल्ली निघाली. २०१० नंतरच्या दशकात त्यांतल्या अनेकांत जागा रिकाम्या राहू लागल्या. ही चढउताराची कथा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांसाठी सोडून देतो.

मी तिवस्याचा. अमरावती-नागपूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. गुरुकुंज मोझरीमुळे लोकांना ठाऊक असते ते शेजारचे गाव, आमचे नव्हे. वडील सुतार. वखर, डवरे, तिफन, बंडीची चाके हे त्यांचे काम. १९९६ साली मी दहावी झालो आणि अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीला लागलो. सकाळी सहाची एस.टी., हातात ड्रॉईंगचा बोर्ड, पाठीवर मिनीड्राफ्टर. कंडक्टर बोर्डाचे तिकीट मागायचा आणि आम्ही पास दाखवून त्याच्याशी वाद घालायचो.

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लाकडाचा 'टी लॅप जॉइंट' करायचा होता. तिथे घडवायच्या वस्तूला 'जॉब' म्हणतात; पुढे ज्याच्या शोधात आयुष्य जाते तो शब्द आम्हाला असा सोळाव्या वर्षीच हातात मिळाला. जॉब मला सोपा गेला. मुलांनी माझ्याभोवती गर्दी केली, मी तिघांचे जॉब करून दिले. अडले ते जर्नलपाशी. घरी रात्री मी एका वरच्या वर्गातल्या मुलाचे जर्नल समोर ठेवून उतरवून काढत होतो. वडील बाजूला बसले होते.

"काय लिहून रायला रे एवढं?"

"जॉइंटचं लिहून रायलो, बाबा."

"कोनता जॉइंट?"

मी इंग्रजी वाचून दाखवले. ते थांबले. मग मी आकृती पुढे केली.

"हां. हे त खाच पाडून बसवतेत. याच्यात लिहाचं काय हाय मंग?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर लिहिण्यासारखे पुष्कळ होते. खाच निम्मीच का, लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने असले तर कोपरा उडतो, पटाशी उलटी कधी धरायची, ओल्या लाकडाचा सांधा उन्हाळ्यात का खुळखुळतो. हे सगळे त्यांना ठाऊक होते, थोडेफार मलाही होते. जर्नलमध्ये त्यातले एक अक्षर नव्हते. जर्नलमध्ये उद्देश, साहित्य आणि कृती होती. कृतीतली सगळी वाक्ये इंग्रजी कर्मणी प्रयोगातली. जॉब पकडला जातो, कडेची खूण केली जाते, खाच पाडली जाते. करणारा वाक्यात कुठेच नाही. मी तीन वर्षांत अशी किमान हजारभर पाने लिहिली असतील. त्यांतले एकही वाक्य माझे नव्हते.

साहित्याच्या शिक्षकांना हे वाक्य मी पुन्हा वाचण्याची विनंती करतो. सोळा ते एकोणीस हे माणसाला स्वतःची भाषा सापडण्याचे वय. त्या वयात आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुले रोज पाच-सहा पाने लिहितात आणि त्यांतले एकही वाक्य त्यांचे नसते. ड्रॉईंगच्या शीट 'जी.टी.' मारून, म्हणजे खाली दिवा लावून काचेवर ठेवलेल्या दुसऱ्याच्या शीटवरून छापून काढतात. मला तर वाटते, जी.टी. हा त्या संपूर्ण शिक्षणाचाच भाषिक नमुना आहे. खालून उजेड येतो, वर रेघ उमटते, मधल्या मुलाला काही समजण्याची गरज पडत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक हत्यार उचलून विचारले, हे काय? मी म्हणालो, गुण्या. ते हसले, वाईट हेतूने नसावे. "ते घरी. इथे काय म्हणतात?" ट्राय स्क्वेअर, मी म्हणालो. गुण मिळाले. गवंड्याचा ओळंबा 'प्लंब बॉब' झाला, लोहाराची कानस 'फाइल' झाली, संडशी 'टाँग' झाली. नवे शब्द शिकण्याबद्दल माझी तक्रार नाही. शिकायलाच आलो होतो. तक्रार ही की, जुना शब्द सांगणे ही तिथे चूक धरली गेली. आपल्या बापाच्या हातातल्या वस्तूचे नाव उच्चारताना ओशाळायला मी एका शैक्षणिक संस्थेत शिकलो, आणि ती संस्था इंग्रजांची नव्हती.

पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. त्यांतला एक अप्लाइड मेकॅनिक्स. बल, जडत्व, त्वरण, संवेग, घर्षण हे सारे मी दहावीत बालभारतीच्या पुस्तकातून चांगले शिकलो होतो. विज्ञानात मला उत्तम गुण होते. म्हणजे सोळाव्या वर्षी माझ्याजवळ एक शास्त्रीय मराठी होती. ती एका जून महिन्यात रद्द झाली. प्रश्नपत्रिकेत 'स्टेट', 'डिफाइन', 'एक्स्प्लेन' आणि 'जस्टिफाय' अशी चार निरनिराळी आज्ञार्थी क्रियापदे असत, आणि चारांना मी एकच उत्तर लिहीत असे: पाठ केलेला परिच्छेद. विषय मला येत नव्हता असे नाही. मला काय विचारले आहे ते येत नव्हते. आता शाळांतून सेमी इंग्रजी आले आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत शिकून मुले येतात. पण शब्द ओळखीचा असणे आणि वाक्य आपले असणे यांतले अंतर त्याने मिटलेले मला तरी दिसलेले नाही. तिवस्यातली जी मुले माझ्याकडे जर्नल घेऊन येतात, ती आजही ते उतरवूनच काढतात.

यावर मराठीच्या कैवाऱ्यांचे ठरलेले उत्तर असे की, तांत्रिक शिक्षण हे आपले क्षेत्रच नव्हे. हे उत्तर अज्ञानातून आलेले आहे, आणि ते अज्ञान आपल्याच अभ्यासक्रमातले आहे. अव्वल इंग्रजी कालखंड आपण एम.ए.ला शिकवतो. मोल्सवर्थचा कोश, पंडितांचा १८२९ चा 'महाराष्ट्र भाषेचा कोश', बाळशास्त्री जांभेकर, शाळापुस्तके. त्या ओघात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे नाव येते आणि जाते. हा जर्व्हिस कोण? १८२३ साली मुंबईत सुरू झालेल्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनचा तो प्रमुख. पश्चिम भारतातली ही पहिल्या अभियांत्रिकी शाळांपैकी एक, आणि तिथले शिक्षण मराठीत आणि गुजरातीत होत होते. त्यासाठी गणिताची, भूमितीची पुस्तके मराठीत तयार करावी लागली. ती करताना जर्व्हिसच्या जोडीला होते जगन्नाथशास्त्री क्रमवंत, म्हणजे ज्या पंडितांनी तो कोश रचला त्यांच्यापैकीच एक. आधुनिक मराठी गद्याची जडणघडण निबंधांतून आणि नियतकालिकांतून झाली असे आपण मानतो. तिची एक मूस सर्वेक्षकांच्या आणि ओव्हरसियरांच्या वर्गात ओतली गेली होती, हे सांगायला आपण विसरतो.

संस्था पुढल्या दशकात बंद पडली. १८४७ मध्ये शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला तेव्हा अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. पेरींचे मत पुढे प्रभावी ठरले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. पण त्यात बाजू कोणाची होती पाहा: मातृभाषेची बाजू घेणारा गोरा माणूस कवी नव्हता, धर्मप्रसारक नव्हता, लष्करातला अभियंता होता, आणि त्याने मराठीतून अभियंते तयार करून पाहिलेले होते. ज्याला अनुभव होता त्याचे मत बाजूला पडले. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तोही सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी; ज्या संस्थेच्या नावापुढे आज पालक हात जोडतात, तिचा आरंभ पदविकेच्या दर्जाच्या शिक्षणापासून झालेला आहे. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात कलाभवन सुरू झाले, तिथेही देशी भाषेतून तंत्र शिकवण्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. शाळेत असताना अमरावतीत राहिलेल्या श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोश काढला आणि लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला विश्वकोश उभा केला, तेव्हा त्यांना साहित्य आणि यंत्र यांच्यामध्ये भिंत दिसली नव्हती. ही भिंत आपण, म्हणजे विद्यापीठीय मराठीने, गेल्या पन्नास-साठ वर्षांत बांधली.

भिंतीच्या अलीकडे आपण काय केले तेही पाहावे. मराठी कादंबरीतला शिकणारा नायक कोण असतो? 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, कला शाखेला. 'बारोमास'मधला एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. सदानंद देशमुखांची ही कादंबरी मला श्रेष्ठ वाटते, आमच्या वऱ्हाडाच्या शेतीचे इतके निर्दय चित्र दुसरे नाही. पण तिच्यातही सुशिक्षित बेकार म्हणजे शिक्षकाच्या नोकरीसाठी थांबलेला पदवीधर. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक १९६० साली वऱ्हाडी बोलत मराठी साहित्यात आली आणि बोलीचे सामर्थ्य सगळ्यांनी मान्य केले. कौतिकच्या नातवांची पिढी आयटीआयला आणि तंत्रनिकेतनाला गेली. ती चाकणला, बुटीबोरीला, नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करते. या पिढीचे शिक्षण आपल्या कादंबरीत जवळजवळ नाही. शेत आहे, आत्महत्या आहे, मोर्चा आहे, वसतिगृह आहे, पण लेथवर उभा राहून पहिला कट घेणारा सतरा वर्षांचा मुलगा नाही. लिहिणाऱ्यांनी आपापल्या पदव्यांतून जग पाहिले आणि समीक्षकांची पदवीही तीच असल्यामुळे ही उणीव कोणालाच जाणवली नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो असा: इंग्रजीवाचून अभियंत्याला भवितव्य नाही; मराठीचा आग्रह धरणारे आपली मुले इंग्रजी शाळेत घालतात आणि गरिबाच्या मुलाला मराठीत कोंडतात. हा आरोप बहुतांशी खरा आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते, हेही इथेच सांगून टाकतो. यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीत येते, आराखड्यावर इंग्रजी असते, थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाला पदवीच्या वर्गात 'डिप्लोमावाला' म्हणून हिणवतात तेव्हा त्याला वाचवणारे शस्त्रही बहुधा इंग्रजीच. तेव्हा इंग्रजी काढा असे मी म्हणत नाही. इंग्रजी नीट येण्यासाठीही आधी कोणत्यातरी एका भाषेत विचार मांडता यावा लागतो, आणि तंत्रनिकेतनातल्या मुलाला ती संधी कोणत्याच भाषेत मिळत नाही. तिथे 'कम्युनिकेशन स्किल्स' आहे. त्यात अर्ज कसा लिहावा आणि मुलाखतीला कसे बसावे हे शिकवतात. आपण केलेल्या कामाविषयी चार वाक्ये स्वतःची लिही, असे मला तीन वर्षांत कोणी सांगितले नाही.

अमेरिकेत याला समांतर असे शिक्षण आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. आज तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन विद्यार्थी पुढे विद्यापीठाच्या वरच्या वर्षात जातात. आपल्या पदविकेचीच ही बहीण, हीनतेची वागणूकही साधारण तशीच. पण एक फरक आहे. तिथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही बहुतेक ठिकाणी लेखनाचा अभ्यासक्रम सक्तीचा असतो आणि तो साहित्य विभागातला माणूस शिकवतो. त्यांच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला वेल्डिंग करून आलेल्या मुलाचे निबंध तपासावे लागतात. तो कुरकुरत असेल, पण त्या मुलाला तो ओळखतो. आपल्या तंत्रनिकेतनात मराठी हा विषय नाही, म्हणून मराठीचा अध्यापक नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तो पहिली ते दहावीपुरता. दहावी संपते तिथे कायदा थांबतो आणि नेमके तिथेच तंत्रनिकेतन सुरू होते.

आणि मग हा मुलगा नोकरीला लागतो तेव्हा गंमत होते. समजा तो स्थापत्याची पदविका घेऊन जिल्हा परिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता झाला. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, कारभार मराठीत. त्याच्यासमोर 'अंदाजपत्रक', 'तांत्रिक मान्यता', 'मोजमाप पुस्तिका', 'कार्यारंभ आदेश' येतात. तीन वर्षे ज्या भाषेला त्याने घरी ठेवले, ती आता सरकारी गणवेशात त्याच्यावर चालून येते. आमच्या भागात अप्पर वर्धाचा कालवा आहे. शेवटच्या टोकाला पाणी का पोहोचत नाही हे विचारायला शेतकरी येतात, वऱ्हाडीत विचारतात. अभियंता इंग्रजीत शिकलेले मनात उलथेपालथे करतो आणि शासकीय मराठीत उत्तर देतो. तीन भाषांतली एकही भाषा दुसरीला भेटत नाही. या संवादात मराठीचे नुकसान किती होते ते भाषेच्या अभ्यासकांनी मोजावे. पाण्याचे नुकसान शेतकऱ्याला कळते.

परिभाषेचे काम झाले नाही, असे नाही. भाषा संचालनालयाने अभियांत्रिकीच्या शाखांचे परिभाषा कोश केले आहेत. त्यांची टिंगल करणे ही आपल्याकडे फार सोपी करमणूक आहे आणि मी तीत सामील होणार नाही. 'प्रतिबल' हा शब्द 'स्ट्रेस'पेक्षा अवघड नाही, फक्त वापरला गेलेला नाही. वर्गात, जर्नलात, तोंडी परीक्षेत, भांडणात वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत. आपण कोश केले आणि वर्ग केला नाही.

२०२१-२२ पासून पदविकेला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय खुला झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पाठ्यपुस्तकांची मराठी भाषांतरे केली. जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतर जर्व्हिसचे दार किलकिले झाले म्हणायचे. यावर मराठी समीक्षेने काय केले? दर वर्षी शेकडो कवितासंग्रहांची परीक्षणे छापणाऱ्या आपल्या नियतकालिकांत यांपैकी एका तरी पाठ्यपुस्तकाचे भाषिक परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. त्यातले वाक्य मराठीच्या वळणाचे आहे का, सोळा वर्षांच्या मुलाला ते कळेल का, 'कानस' लिहिले की 'फाइल', गवंड्याला विचारले होते का, हे पाहायचे कोणी? मेकॅनिकलच्या प्राध्यापकाने? त्याने आपल्या परीने केले असेल. वाक्य हा ज्यांचा धंदा, ते संमेलनात होते. २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना देऊन आपण विज्ञानाचा गौरव केला, हे योग्यच झाले. आकाशातले विज्ञान आपल्याला साहित्यात चालते. वर्कशॉपमधले चालत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेही आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. रिद्धपूरचे नाव घेताना प्रत्येक वक्ता केशिराजबासांची गोष्ट सांगतो: त्यांनी संस्कृतात लिहायचे ठरवले तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्यामुळे चक्रधरांच्या परिवारातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. टाळ्या पडतात. सातशे वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यांसाठी टाळ्या वाजवणे सोपे आहे. आज वंचित कोण होतो आहे, हे पाहायचे तर रिद्धपूरहून तासाभराच्या वाटेवरच्या कोणत्याही तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे.

मी स्वतः काय केले, असे कोणी विचारील. फार नाही. पदविकेनंतर दोन वर्षे एका कारखान्यात काढली, मग बाहेरून बी.ए. आणि पुढे एम.ए. केले. अनेक वर्षे मीही माझ्या परिचयातून ती तीन वर्षे गाळत आलो. मागच्या सत्रात आमच्या विभागातल्या दोन विद्यार्थिनींनी संशोधन प्रकल्पासाठी सुतार, लोहार आणि गवंडी यांच्या वऱ्हाडी शब्दांची आणि तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधल्या शब्दांची तुलना हा विषय घेतला. त्यांतल्या एकीचा भाऊ पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची जर्नले तिने आणली. माझ्या वडिलांकडे त्या दोन दुपारी बसल्या. ते आता काम करत नाहीत, पण हत्यारे आहेत. एकेक हातात घेऊन नाव सांगत गेले, गुण्यापाशी थांबून माझ्याकडे पाहून हसले.

विभागाच्या बैठकीत विषयाला हरकत निघाली. हा भाषाविज्ञानाचा विषय आहे की समाजशास्त्राचा, आणि यात साहित्य कुठे आहे, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले. मी अव्वल इंग्रजी कालखंडाचा आमचाच अभ्यासक्रम त्यांच्यापुढे ठेवला. जर्व्हिसचे नाव त्यात एका ओळीत होते, कंसात. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, याच्यावर परीक्षेत कधी प्रश्न येत नाही. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाला आहे.